डोलमाचे बूट

बुटाच्या आत, जिभेच्या मागं, मार्करनं लिहिलंय: डोलमा.
औलीच्या एका भाड्याच्या दुकानातून
हंगाम संपताना आणले, निम्म्या किमतीत.
बाहेरचं कवच निळं, बादलीसारखं टणक.
आतला मऊ बूट मात्र अजून तिचाच,
तिच्या टाचेचा खळगा, तिचा अरुंद पंजा.
माझा पाय सेलूचा. फाकलेला,
करंगळीच्या बुडाशी बोराएवढी गाठ.

एप्रिल आहे, म्हटलं काम फुकटात होईल.
दुपारभर पत्र्यावर ठेवले.
पत्र्यानं माझे तळवे भाजले,
फोम ढिम्म.
शकूर बेकरीवाल्यानं भट्टीकडं बघत मान हलवली,
"खारीला बुटाचा वास लागला
तर गावात तोंड कसं दाखवू?"

मग ज्वारी. टाळकी, घरचीच.
कढईत हलवत राहायची
आणि पहिली लाही उडाली की लगेच उतरवायची.
जुन्या मोज्यात भरून
बुटाच्या पोटात कोंबायची, पार बोटांपर्यंत.
आण्णा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले,
घड्याळ मांडीवर घेऊन बसले,
जसं इंजिनच उतरवलंय.

तेवढ्यात हलीमाबी आली, अंडी द्यायला.
मी बोटांना चिंध्या गुंडाळत होते,
पुढं जागा राहावी म्हणून.
"कामून गं, पाय मोडला का?"
सांगितलं, बर्फावरून घसरायचंय.
"घसरायला एवढी तयारी?
आमच्या मोरीत ये की."

हिनंच मला न्हाऊ घातलेलं, सव्वा महिना.
डोकं गोल केलं, नाक वर काढलं, असं सांगते.
आई म्हणते, नाक आधीपासून होतं.

मोजा उपसला, पाय घातला.
फळीवर चवडे, टाचेवर भार,
गुडघे जरासे पुढं.
आण्णांनी बकला लावल्या, बेताच्या.
हलीमाबी खाली बसली, घोट्यापाशी,
आणि कवचावरूनच दाबायला लागली,
काही उपयोग नव्हता त्याचा.
"गरम हाय तवर हलू नको."

दहा मिनिटं.
चौथ्या मिनिटाला लाईट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला,
पाठीवरून घाम, पायात शेगडी,
आणि आत कुणीतरी हळूच सरकून बसलं,
भरल्या एसटीत बाई सरकते तसं,
कुरकुर न करता, पिशवी मांडीवर घेऊन.
गाठीला आधी टोचलं. मग टोचेना.
मला उगाच वाईट वाटलं.
कुठं असेल ती? पाय वाढला तिचा,
का घसरणं सुटलं?

बूट रात्रभर माठाशेजारी निवत राहिले.
सकाळी आण्णांनी स्पिरिटचा बोळा आणला, नाव पुसायला.
मी म्हटलं, राहू द्या.

ज्वारी हलीमाबीनं नेली होती, कोंबड्यांसाठी.
दुपारी सांगत आली,
एकीनं सुदीक तोंड लावलं नाही.