खाली उतरवलेले नळ

सेंट ओटिलिया शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत
छत्तीस वर्षं झाली. एकूण एकोणीस.
त्यातल्या चार कुठल्या दारांच्या, विसरलो होतो.
यंदा ती दारंच पाडली.

कॅन्ससच्या या सपाट मुलखात
उंच म्हणावं असं दोनच: धान्याचं कोठार
आणि चर्चचा मनोरा.
मला वाटलं, शाळा वाढवायची म्हणजे वर चढवायची,
मजलाबिजला.
आर्किटेक्ट बाईंनी टेप जमिनीला टेकवली
आणि म्हणाल्या, लायकर, सगळं खाली घ्या.

बेसिन दोन फुटांवर.
कोटाच्या खुंट्या माझ्या मांडीशी.
दाराजवळचं पवित्र पाण्याचं संगमरवरी शिंपलं,
तेही स्क्रू काढून उतरवलं.
जुन्या जागी एक फिकट अर्धगोल राहिलाय,
रंगाचे दोन हात दिले तरी दिसतो.

तीन वर्षांची पोरं येणार होती. चाळीस.
गेली वीस वर्षं आम्ही दर जूनमध्ये एक वर्ग बंद करत आलो,
बाकं तळघरात रचत आलो.
मग कत्तलखान्यात रात्रपाळी सुरू झाली
आणि ग्वाटेमालाहून माणसं आली,
फादरांना एका रविवारी पाच बाप्तिस्मे द्यावे लागले.

सिस्टर एमेरेन्शिया, मठातली शेवटची,
विचिटाला गेली, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी.
तिच्या खोलीत आता झोपायच्या चटया.
मी फोन करून विचारलं, वाईट नाही ना वाटलं?
ती म्हणाली, दुपारी त्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं,
पडदे जाड लावा.
आणि फोन ठेवून दिला.

पैशांसाठी उपवासकाळातले सगळे शुक्रवार मासे तळले.
गावभर कोटांना तेलाचा वास.
अर्ध्या गाईची सोडत काढली, ती लागली दंतवैद्याला,
जो मांस खात नाही.

सभेत अलोइस श्मिटबर्गर उठला. काठी आपटली.
यात आपली पोरं किती?
आणि बोलतात काय, स्पॅनिशसुद्धा नाही ते!
कुणी उत्तर दिलं नाही.
कॉफीच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत राहिलं.

पुढच्या मंगळवारी त्याचाच ट्रेलर शाळेच्या दारात.
आज्याने बांधलेल्या गोठ्याचे दगड, मधासारखी पिवळी चुनखडी.
ती खाण कधीच बुजली, आता तसला दगड मिळत नाही.
नव्या भिंतीला जुनीचा रंग यायला हवा, म्हणाला,
नाहीतर ठिगळ दिसेल.
आणि पावती मागितली.

दुसरीच्या वर्गात फळीचं अस्तर उचकटलं,
आत खडूची भुकटी, एक गोटी,
आणि घड्या घातलेला कागद:
मी शाळेत घरची भाषा बोलणार नाही.
मी शाळेत घरची भाषा बोलणार नाही.
खाली नाव. अलोइस श्म., मग शाईचा डाग.

हे युद्धाच्या वर्षांतलं.
आमच्या आज्या तेव्हा खिडक्या लावून जर्मनमध्ये भांडायच्या.

मी कागद त्याला दिला. त्याने चष्मा बदलला,
बोट ठेवून ओळी मोजल्या.
एकसष्ट, म्हणाला. शंभर सांगितल्या होत्या.
मग?
मग जेवणाची घंटा झाली.
त्याने कागद खिशात घातला, दगडांकडे गेला,
एक कोपरा चुकीचा बसलाय म्हणून गवंड्यावर ओरडला.

ऑगस्टमध्ये शाळा भरली.
एल्मिरा त्सोक, लाल बूट, दप्तर तिच्याहून मोठं,
बेसिनपाशी आली. मी सवयीने वाकलो, उचलायला.
तिने माझा हात बाजूला सारला
आणि नळ सोडला. पूर्ण.
बाहीपासून कोपरापर्यंत, बुटांत, माझ्या किल्ल्यांवर, पाणीच पाणी.
काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.
पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने,
माणूस बहिऱ्याशी बोलतो तशी.

चौथ्या बेसिनचा वॉशर खराब निघाला, कंपनीचाच दोष.
पूर्वी मी उभ्याउभ्या पाना फिरवायचो.
आता आधी टोपी काढून ठेवावी लागते,
एक हात भिंतीला, मग एक गुडघा,
मग दुसरा.