वाचून दावा

मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातून
मालन ऐवळे ठाण्यात आली,
म्हणजे आधी सिव्हिलमध्ये, मग ठाण्यात.
डावा हात प्लास्टरात, गळ्यात पट्टी,
उजवा मनगटापर्यंत पिवळा,
कुठल्याच साबणाला न जुमानणारा.

मी शेजारी बसले होते. माझं काम तेवढंच,
शेजारी बसायचं.
गळ्यात विधी सेवा प्राधिकरणाचं ओळखपत्र,
नसीम मुल्लाणी, खाली अर्धा पुसलेला शिक्का.
मानधन असतं. कधी मिळतं ते विचारू नका.

हवालदारांनी दोन बोटांनी टाइप केलं.
प्रिंटर खोकला, कागद आला.
त्यांनी तो फिरवून शाईचं पॅड पुढं सरकवलं.
"अंगठा."
मालननं अंगठा उचलला
आणि तसाच हवेत धरला.
"मला वाचून दावा."

आमच्याकडं दाखवा म्हणायचं तर दावा म्हणतात.
विजयनगरच्या कोर्टात दावा म्हणजे वेगळंच काही.
त्या दिवशी तिच्या तोंडात दोन्ही एकत्र आले,
तिला ते माहीत नव्हतं.

ते वाचू लागले, सप्ताहातल्या पोथीच्या वेगानं:
"...उर्वरित मजुरीची मागणी केली असता
मुकादमाशी किरकोळ बाचाबाची होऊन..."
"थांबा. किरकोळ कोण म्हणलं?"
"लिहायची पद्धत असते, बाई."
"पोती वडायचा हूक हुता त्येच्या हातात.
हाड किरकोळ मोडतंय व्हय?"

कलम माझ्या जिभेवर आलं होतं,
तीन दिवसांच्या प्रशिक्षणात पाठ केलेलं.
गिळलं मी ते.
तिचं वाक्य जास्त पक्कं होतं.

हवालदारांनी एक्स-रे खिडकीकडं धरला.
मोडलेल्या हाडातून बाहेरची लिंबाची फांदी दिसली.
बराच वेळ ते तिकडंच बघत राहिले.
मग खुर्ची पुढं ओढली.
आधीचा कागद फाडला नाही त्यांनी,
मागची बाजू कोरी म्हणून बाजूला ठेवला.
दुसरा आला. पुन्हा वाचला, या वेळी हळू,
हूक आला, मोडलेलं हाड आलं,
नऊ आठवड्यांची थकलेली मजुरीसुद्धा आली.
तेव्हा तिनं अंगठा टेकवला.
हळदीवर शाई, की शाईवर हळद.

"प्रत?" मी विचारलं.
"समोर झेरॉक्सवाला आहे."
"फुकट द्यायची असते, साहेब."
एवढंच बोलले मी त्या अख्ख्या दुपारी.

आता माझं सांगते, थोडक्यात.
मी सही केली होती. बी.ए. झालेली बाई,
पदवीला मराठी विषय घेतलेली.
कोपऱ्यात सासरे उभे होते, दीर उभा होता,
कागद पुढं आला आणि मी म्हटलं, उगाच कशाला वाचायचा.
"माझी आता कोणाविरुद्धही तक्रार नाही."
हे मीच म्हटलंय हे मला चार वर्षांनी कळलं,
मिरजेच्या स्टँडवर,
वकील कणीस खात खात सांगत होते.

मालनला सरकारी खर्चानं वकील मिळाली,
पोरगीच आहे, जतची, फार भरभर चालते.
भरपाईचा अर्ज दिलाय.
त्यांना पासबुकावरच्या नावात एक वेलांटी खटकते.
कोर्टात साक्षीदारांना वेगळी खोली आहे,
किल्ली शिपायाकडं, शिपाई जेवायला,
म्हणून मुकादम आणि ती एकाच बाकावर,
मध्ये मी, माझी पिशवी, माझी पाण्याची बाटली.
तो मोबाइलवर काहीतरी बघत होता, हसत होता.
ती कागद उघडून बसली होती.
झेरॉक्समध्ये तिचा अंगठा काळा आलाय,
मूळ प्रतीवर अजून पिवळी कड आहे.

आतून पुकारा झाला, पुढची तारीख पडली.
"कंची?"
"सतरा."
"कुटं लिवलंय? दावा."

मी बोट ठेवलं.
तिनं तो एक बघितला, तो सात बघितला,
पाहुण्यांच्यात नवीन माणूस बघावा तसा,
मग कागदाची घडी घालून म्हणाली,
"चला, यष्टी जाईल."