अंतर

विहीर उपसताना निघालेलं हे मुंडकं
नऊ महिने माझ्या टेबलावर आहे.
नाक फुटकं, दाढीत चुन्याचे थर,
आणि कपाळाच्या मधोमध भोक,
अंगठा जाईल एवढं.

भुवयांखाली, जिथे डोळे असतात,
तिथे दोन मिटलेल्या रेघा.
शिल्पकाराने जन्मभर माणसंच घडवली असणार.
हात सवयीने खाली उतरला,
पापण्या कोरून झाल्या,
आणि मग आठवलं की हा माणूस नव्हे.
खोडायचं तर संगमरवर खोडता येत नाही.
त्याने त्या नुसत्या मिटून टाकल्या.
आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात;
ह्याने तर एकच मागितला होता,
वर दोन मिळाले, बंद.

डॉक्टर फिकेरा दर सोमवारी दारातून विचारतात,
डोळा कधी बसवताय?
काचेचे तीन नमुने खोक्यात आहेत:
मधाळ, हिरवा, आणि एक राखाडी,
जो मला बघवत नाही.
उद्घाटन जवळ आलंय. भोकाचं पोस्टर होत नाही.

मी त्यांना सांगितलं,
ह्या बेटावरच्या गुहांत हत्तींच्या कवट्या निघतात,
वासराएवढे हत्ती,
कपाळात सोंडेची मोठी पोकळी.
कुण्या मेंढपाळाने मशाल आत धरली असेल
आणि त्या पोकळीला डोळा म्हटलं असेल.
म्हणजे हा डोळा
मुळापासून भोकच आहे.
ते म्हणाले, हिरवा चांगला दिसेल.

गुरुवारी काका सारो आला,
पिशवीत ओल्या बाकल्याच्या शेंगा, चीज, बाटली.
चाळीस वर्षं त्याने एटनाचा काळा दगड फोडला.
एका कपचीने डावा डोळा नेला,
त्याच संध्याकाळी तो चालत घरी आला होता
आणि उंबऱ्याला अडखळला,
रोजच्याच उंबऱ्याला.

मुंडक्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं,
दवाखान्याच्या रांगेत शेजारच्याकडे पाहावं तसं.
मग न विचारता भोकात अंगठा घातला.
मी ओरडणार होते. ओरडले नाही.

"ह्यानेच ना जहाजावर कडे फेकले?"
हो. आंधळा झाल्यावर. म्हणून नेम चुकला.
"खोटं आहे ते," काका म्हणाला,
"त्याचा नेम आधीही चुकतच असणार.
एका डोळ्याला दिशा कळते,
अंतर कळत नाही.
खिळा कुठे आहे ते दिसतं,
किती लांब आहे ते हाताला विचारावं लागतं.
मेंढ्यांच्या पाठी चाचपायचा ना तो, गुहेच्या तोंडाशी?
लोकांना वाटतं, आंधळा झाला म्हणून.
तो पहिल्यापासून चाचपत असेल,
रोज संध्याकाळी, एकेकीला, नाव घेऊन.
त्या खलाशांनी दोन रात्री तेच पाहिलं.
म्हणून तर पोटाखाली लोंबकळले.
त्यांना ठाऊक होतं
हात पाठीवरूनच फिरणार."

खाली समुद्रात ते कडे अजून उभे आहेत,
काळे, टोकदार, होड्यांच्या वाटेत.
उन्हाळ्यात पोरं त्यांवरून उड्या मारतात.
मी लहानपणापासून त्यांना राग समजत आले.
आज खिडकीतून पाहिलं
तर ते नुसते पोचले नव्हते.

खोकं मी खणात सरकवलं. सोमवारी बघू.
किंवा फिकेरा स्वतः बसवतील, हिरवा,
आणि माझ्या हरकतीची कुठेतरी नोंद होईल.

काकाने ग्लास मांडले.
बाटलीचं तोंड त्याने आधी काठाला टेकवलं,
बारीकसा आवाज झाला,
मग ओतली, एक थेंब न सांडता.
मग माझ्या ग्लासाकडे वळला.

मी ग्लास हलू दिला नाही.