पाना

माझ्या गळ्यात क्रूस नाही, पाना आहे.
सतरा-एकोणीसचा, दोन्ही तोंडांचा,
ब्रदर ओंद्रेयने जाताना दिलेला.
आंघोळीलाही मी तो काढत नाही.

आंघोळ हा शब्दच आमच्या सियान्झोवोत उशिरा आला.
आधी होती वाळू.
कोरड्या नदीत बबूनांनी जिथे उकरलंय
तिथेच कोपरापर्यंत हात घालायचा,
आणि चांदणं उतरेपर्यंत
वाटीवाटीनं तुंबा भरायचा.
म्हातारे सांगत, आपण नदीचे लोक.
धरण झालं तेव्हा ट्रकांत भरून आणलं इथे.
गावं पाण्याखाली गेली,
माणसं तहानेखाली.

ब्रदर आला ऑक्टोबरात,
ज्या महिन्यात कुत्रीसुद्धा भुंकणं पुढे ढकलतात.
स्लोव्हाक डोंगरातला माणूस,
आमची भाषा खडे चघळल्यासारखी बोलायचा.
प्रवचन कॅटेकिस्ट मुलेयाचं,
ब्रदर नुसता नकाशा उलगडून बसायचा.

पहिलं बोअर चॅपलच्या दारात.
हट्ट मुलेयाचा: प्यायला येतील, ते बसतीलही.
बासष्ट मीटरवर लागलं.
बायकांनी जीभ नाचवून आरोळी दिली,
मग पहिला घोट घेतला.
नुसतं मीठ.
शेळ्यांनीही तोंड फिरवलं.
मुलेयाच्या तोंडचं पाणी पळालं,
आमच्या तोंडी ते आलंच नव्हतं.

तीन दिवस ब्रदर त्या भोकाशेजारी बसून होता.
चौथ्या दिवशी तंबाखूची पुडी घेऊन
सियाम्वींदेकडे गेला.
म्हातारा बराच वेळ तंबाखू हुंगत राहिला. मग म्हणाला,
गोरखचिंचेखाली बघ.
आमची पावसाची जागा आहे ती.
जोडे काढून जा.

भुताखेतांच्या जागेत मिशनचं यंत्र?
मुलेयाचा आवाज चिरकला.
ब्रदर वाकला, नाड्या सोडल्या.
त्याची बोटं सोललेल्या रताळ्यासारखी पांढरी.
मोशेनेही काढले होते, तो म्हणाला,
तूच वाचून दाखवलंस ना, मुलेया?

सत्तेचाळीस मीटर.
गोड.

पंपाच्या अंगावर अक्षरं होती: इंडिया.
मला वाटलं, ब्रदरच्या देवाच्या मावशीचं नाव असेल.

मग समिती. सातांत पाच बायका,
दूधपावडरीचा डबा, हिशेबाची वही,
घरटी दोन क्वाचा नाहीतर एक कोंबडी.
मुलेया म्हणाला, चर्चला न येणाऱ्यांनी रांगेत मागे उभं राहावं.
सियाम्वींदेची सून चिपेगो म्हणाली,
मग पावसालाही सांग, तुझ्याच छपरावर पडायला.
त्या रात्री डबा दोनदा उलथा झाला,
कोंबड्या तीनदा मोजल्या.

तिसऱ्या वर्षी ब्रदरला बोलावणं आलं, तो गेला.
चौथ्या उन्हाळ्यात दांडा हलका लागला,
वर-खाली, वर-खाली, नुसती हवा.
मिशनला चिठ्ठी धाडली.
उत्तर आलं: प्रार्थना करतो आहोत.
आम्हीही केली,
आणि करता करता पंधरा पाईप वर ओढले,
मी, चिपेगो आणि उरलेल्या चौघीजणी.
तळाचं चामडी वायसर
भिजलेल्या भाकरीसारखं हातात आलं.

अख्ख्या गावात धड चामडं एकाच ठिकाणी होतं.
मुलेयाचे रविवारचे बूट.
काढलेलेच होते त्याने,
गोरखचिंचेखाली सगळेच काढतात.
काही न बोलता उजवा माझ्यापुढे सरकवला.
मी जीभ कापली,
बुटाची,
कपाच्या तोंडाएवढी गोल.

चाळीस दांडे कोरडे गेले.
एक्केचाळिसाव्याला पान्हा फुटला.

जिथे कुणी जोडा घालून उभं राहत नाही
तिथे खाली, अंधारात,
मुलेयाचा बूट उभा आहे पाण्यात.
सियाम्वींदेला भीत भीत सांगितलं.
त्याने तंबाखू गालात सारली.
बूट आहे ना, म्हणाला,
चालेल.