ऑफ सीझन

दलालाचं नाव रोहिदास हरमलकर.
एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यात हेल्मेट,
ते डोक्यावर चढलेलं मी कधी पाहिलं नाही.
"ताळगावात वन बीएचके अठ्ठावीस," तो म्हणाला,
"सांतिनेजला नाल्याचा वास धरून बावीस."
वास धरून.
म्हणजे वास ही एक जादा खोली.

माझा पगार सव्वीस.
छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधते,
ऱ्हस्व-दीर्घ, गळलेले अनुस्वार,
श्रद्धांजलीच्या चौकटीतली वयं.
दोडामार्गची शेवटची बस हुकली की
पर्वरीला मावसबहिणीकडे,
तिच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली
पाय सारून झोप.

रायबंदरला म्हातारा म्हणाला, फॅमिली?
म्हटलं, मीच.
त्यानं माझ्या खांद्यावरून जिन्यात पाहिलं,
अजून कुणी वर येतंय का.
पर्वरीच्या नव्या इमारतीत स्विमिंग पूल होता,
नळाला पाणी नव्हतं.
भाटल्यात म्हणाले, मासे चालणार नाहीत.
तेव्हा मात्र रोहिदासला स्कूटर थांबवून हसावं लागलं.

मग मळ्यात,
गल्ली जिथे आपल्याच अंगावर वळते तिथे
एस्पेरांसा बाय विळीवर तिसऱ्या फोडत बसलेली.
सुजलेले पाय पाटावर.
"राताक साडेतीन हजार मेळटात," मान वर न करता,
"दिल्लीचे लोक. ऑक्टोबर ते मे."
"आणि मला?"
एक शिंपली उघडली. दुसरी रिकामी निघाली, ती फेकली.
"जून ते सप्टेंबर. म्हयन्याक नव."

खिळा मारायचा नाही.
लाल पडदा बदलायचा नाही.
'सुशेगाद' लिहिलेली पाटी भिंतीवरून हलवायची नाही.
पोलिसांच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना,
त्यात 'पत्ता'तला एक त छापायचा राहिलेला.
मी पेनानं घातला, मग दोडामार्ग लिहिलं.

कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलं.
खिडकी उघडली की तारखा फडफडायच्या,
म्हणून खिडकी बंद.
कपाटात कुणाचं तरी सनस्क्रीन, अर्धं.
मी ते टाचांच्या भेगांना लावत आले.

चार महिन्यांचं माझं भाडं
म्हणजे त्यांच्या दहा रात्री आणि एक सकाळ.
हा हिशेब मी एकदाच केला.

ड्रॉवरमध्ये पाहुण्यांची वही होती.
पुण्याच्या कुणी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं,
'तीन दिवस कसे गेले कळलेच नाहि'.
पेन्सिलनं नाहीची वेलांटी दीर्घ केली.
खाली जागा होती बरीच.
वही मिटली.

तीस सप्टेंबरला एस्पेरांसा बाय
नव्या चादरी दोरीवर घालत म्हणाली,
"जुनांत परत यो गो."
कडीवरून कॅलेंडर काढलं,
खिडकी मोकळी झाली तशी आपोआप उघडली.
समोर चिंचोळं आभाळ, एक मांजर, कुणाचीतरी पाण्याची टाकी.
इतके दिवस हे इथेच होतं.

फोन वाजला. रोहिदास.
"ताळगाव तीस झालं," तो म्हणाला,
"पण सांतिनेजचं अजून आहे."