खरवड

डेली सिटीत धुकं दुपारीच उतरतं,
गॅरेजच्या दाराखालून आत शिरतं,
आणि तितो रोदेल आधी तबकड्यांना पांघरूण घालतो,
मग स्वतःला.

वर आई झोपलेली, रात्रपाळीची नर्स.
त्यामुळे आमच्या घरी संगीत म्हणजे
हेडफोनातून बाहेर सांडेल तेवढं:
च्यक्, च्यक्, च्यिकि-च्यक्,
उंदराने पत्र्याचा डबा कुरतडावा तसं.

त्याच्या लाडक्या तबकडीवर
पिवळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे.
पट्टी बारावर आली की एक बाई म्हणते: आऽ.
कोण बाई, ठाऊक नाही.
तिचं पुढचं गाणं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.
तीस वर्षं तितोने तिला
त्या एका अक्षरापलीकडे जाऊ दिलं नाही.
डाव्या हाताने पुढे लोटायचं, मागे खेचायचं,
उजव्या हाताने दांडी, दार उघड, दार मीठ-चिमूट किलकिलं,
आणि आऽ ची होते विनवणी, शिवी, उचकी,
कधी चक्क हसू.

सुईच्या डोक्यावर एक सेंटचं नाणं चिकटवलंय,
ती उडू नये म्हणून.
तबकडीखाली तांदळाच्या पिशवीचं प्लास्टिक, गोल कापलेलं.
घसरायला हवं, निसटायला नको,
एवढंच त्याचं शास्त्र.

मी माझं यंत्र आणलं
तेव्हा त्याने ते एका हाताने उचललं.
"एवढंच?"
"एवढंच."
चाक फिरवून पाहिलं. मग वाकून चाकाखाली पाहिलं,
मांजर हरवल्यासारखं.
"हात लावलेला कळतो याला," म्हणाला,
"पण लागत नाही."

मी भडकले.
तुझी सुई कुणी शिंकलं तरी उडते, तितो.
माझ्या पिशवीत चार हजार गाणी आहेत,
तुझ्याकडे सहा खोकी आणि पाठीचा पट्टा.
हे ऐकून तो इतका हसला
की सुई उडाली.

रात्री तो विमानतळावर बॅगा उचलायला गेला.
मी त्याच्या यंत्राला माझी वायर जोडली
आणि बाईला आत घेतलं.
पडद्यावर आऽ चा निळा डोंगर उभा राहिला,
आणि डोंगराच्या आधी,
जिथे काहीच असायला नको होतं,
राखाडी गवताचा एक पट्टा.
श्‌श्‌श्‌श्‌.
जिथून सुई परत फिरायची, तिथली झिजलेली वाट.
लॅपटॉपने नम्रपणे विचारलं,
आवाज स्वच्छ करू का?

स्वयंपाकघरात भाताचं भांडं होतं.
सगळ्यांचं जेवून झालं की तितो चमच्याने तळ खरवडतो,
करपलेलं, कडक, तेच त्याला आधी हवं असतं.
आई ओरडते, पातेल्याची कल्हई खाशील.
खाल्ली असेल.

मी "नको" दाबलं.

सकाळी तो आला, गणवेशातच,
आणि एक बोट माझ्या चाकावर टेकवलं.
श्‌श्‌-आऽ.
बोट थांबलं.
परत. श्‌श्‌-आऽ. मान तिरकी.
"हे तर माझं आहे."
"बाई?"
"बाई कसली. ही खरवड."

मग वीस मिनिटं वाजवलं. त्याचे तीनाचे दोन हात झाले,
म्हणजे तबकडीवर तीन वाटायचे, इथे दोनच.
मी हे त्याला सांगितलं नाही.
त्यानेही माझी स्तुती केली नाही.
"हलकं आहे," एवढंच पुटपुटला,
आणि जाताना खिशातलं एक नाणं काढून
माझ्या यंत्राच्या कोपऱ्यावर चिकटवलं,
जिथे सुई नाही, काही नाही.

त्याने काडीचा फरक पडत नाही.
मी रोज धूळ पुसते,
नाण्याच्या कडेकडेने.