उरलंसुरलं

धंतोलीतल्या त्या खोलीत कूलर नव्हता, एसी होता,
आणि पोटावर ओतलेली जेली मे महिन्यातही बर्फासारखी.
"श्वास घ्या. धरा. धरून ठेवा."
धरला.
धरून ठेवणं मला जमतं.

"दारू?" पडद्यावरची नजर न हलवता मुलानं विचारलं.
"नाही जी."
"कधीमधी? लग्नाकार्यात?"
दाराशी रांगेतल्या बाईनं मान वळवली.
मी,
खोकल्याच्या औषधाचाही आधी वास घेऊन बघणारी.

सासूबाई म्हणाल्या, "लिवर? थे तं पेणाऱ्याईचं बिघडते, बापा,"
आणि पिठाच्या डब्यात बाटली सापडावी
तसं माझ्याकडे पाहिलं.

लहानपणी गोळीबार चौकातून मी काळीज आणायची,
कागदात बांधलेलं, जांभळं, गुळगुळीत,
घरी येईस्तोवर पिशवीत थरथरणारं.
तेव्हापासून मला ठाऊक आहे
काळीज म्हणतात ते हे, उजवीकडचं, बरगडीखालचं,
धडधड करणारं ते दुसरं.
आई सांगायची, सासरी जातेस, काळीज मोठं ठेव.
ठेवलं.
सोळा सेंटिमीटर, आठ मिलिमीटर.
चरबी, ग्रेड दोन.

डॉक्टर बारापात्रे विचारतात, काय काय खाता?
दोन फुलके, वरण, भाजी.
बाकीचं मी खात नाही,
संपवते.
निहारच्या ताटातली अर्धी पोळी.
पोह्यांखाली राहिलेली तर्री.
मामंजींच्या कपातला घोटभर चहा, ज्यात सगळी साखर.
संत्राबर्फीचा शेवटला तुकडा, जो चार दिवस
डब्यात एकटा असतो आणि कुणीच घेत नाही.
रात्री साडेदहाला, ओट्याशी, उभ्यानं.
उभ्यानं खाल्लेलं मी कधी मोजलं नाही.

"यकृतही तेच करतं," डॉक्टर म्हणाले,
"खर्च होत नाही ते टाकून देत नाही. ठेवून घेतं."
मला हसू आलं.
माझ्यावरच गेलंय.

"गोळी?"
"सध्या नाही. सहा-सात किलो उतरवा, सावकाश, वर्ष लागलं तरी चालेल.
रोज चाला. साखर कमी. डब्यातला ज्यूस बंद.
संत्रं खायचं, प्यायचं नाही."
"पण दुखत तर काहीच नाही."
"म्हणूनच तर आत्ता या म्हटलं.
ऐकतं हो ते. वेळेत सांगितलं तर ऐकतं."
नणंदेनं काढ्याची बाटली पाठवली.
ती माळ्यावर आहे. टाकवली नाही.

पहाटे पाचला गांधीसागरच्या कडेनं चालते.
साडेसहाला रस्ता तापू लागतो, त्याच्या आत तीन फेऱ्या.
पहिल्या आठवड्यात टाचा बोलायच्या,
आता रेखा धकाते बोलते.
"खरं सांग वं, पेतेस का?"
"हाव," म्हटलं, "लोकाईचा उरलेला चहा."
ती इतकी हसली की पाण्याकाठचा बगळा उडाला.

तीन महिन्यांत साडेतीन किलो.
मग पाटोडीचा रविवार आला, भाच्याचं बारसं आलं,
त्यातला एक परत.
दर रविवारी वजनकाट्यावर उभं राहताना
मी चष्मा काढून ठेवते,
मग पुन्हा घालते.

कणीक मूठभर कमी भिजवते हल्ली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
काल रात्री निहार उठला, ताटात अर्धी पोळी,
घडी घातलेली, नेहमीसारखी माझ्यासाठी ठेवल्यागत.
हात गेला होता.
ताट त्याच्यापुढे सरकवलं.
"हे तुझं उरलंय."
तो पाहतच राहिला,
मोबाईल हातात, अर्धवट उठलेला.
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं,
पंप नुसताच घरघरत होता,
आणि मी,
एकविसाव्या वर्षी या घरात आल्यापासून पहिल्यांदा,
ओटा न पुसता
जाऊन बसले.